कल्ल्यातल्या किड्यांवर फॉर्मेलिनची आंघोळ: सात महिने वापरून

मागच्या आठवड्यात निफाडची थंडी अशी पडली की शेडमधल्या फॉर्मेलिनच्या (पाण्यात विरघळवलेला फॉर्मल्डिहाइड वायू) कॅनच्या तळाशी पांढरा गाळ बसला, निम्मा कॅन शिल्लक होता, म्हणून चिडून लिहायला बसलोय.

किडे लागले की बोटुकली, म्हणजे बोटाएवढी माशांची पिल्लं, कल्ले फाकवून पाण्याच्या तोंडाशी गोळा होते, खाद्य सोडते, कल्ले फिके नि चिकट पडतात, हे सगळ्यांनी पाहिलंय, ते परत सांगत नाही. सुरुवात खड्या मिठानं केली, 500 लिटरच्या काळ्या टाकीत 15 किलो, मासे काही मिनिटांतच कलंडायला लागतात, कलंडले की लगेच काढायचे. स्वस्त आहे, काम पण करतं, पण हजार बोटुकल्या जाळीनं काढून काढून हात गळून येतात राव.

मग फॉर्मेलिन. तेवढ्याच टाकीला 75 मिली म्हणजे 150 पीपीएम (दहा लाख भाग पाण्याला 150 भाग), एक तास, पाण्यात हवा सोडणारा एरेटर फुल्ल, आदल्या दिवशी खाद्य बंद. गार पाण्यात लोक 250 पर्यंत जातात, आपल्याकडं उन्हाळ्यात नको. हातमोजे घाला, डोळे झोंबतात.

आता मेन तक्रार. कॅनसोबत मापाचा कप येतो त्यावरचे आकडे दुसऱ्याच वेळेला पुसले गेले. अहो, 75 च्या जागी 150 पडलं तर मासे गेले ना! जे औषध मिलीत मोजायचं त्याच्या कपाला असली शाई? शेवटी मेडिकलमधून 10 मिलीची सिरिंज आणली, सात वेळा भरली आणि वर अर्धी, तेव्हा कपाला खिळ्यानं रेघ मारली.

पहिल्या महिन्यात मी दोनच स्टार देणार होतो. आंघोळ झाली, मासे खायला लागले, आणि दहाव्या दिवशी परत तेच, म्हटलं माल डुप्लिकेट. ओळखीच्या मॅडमनी कल्ल्याचा तुकडा मायक्रोस्कोपखाली दाखवला, डोक्यावर चार काळे ठिपके असलेला किडा जळूसारखा लांब-आखूड होत होता. त्या म्हणाल्या, डॅक्टिलोगायरस, हा अंडी घालतो आणि अंड्यांना फॉर्मेलिन काही करत नाही, कोमट पाण्यात ती थोड्याच दिवसांत फुटतात. आठवड्यानं दुसरी आंघोळ दिली तेव्हा कुठं थांबलं. औषधाला उगाच शिव्या घातल्या मी.

शेततळ्यात डायरेक्ट ओतायचं कुणी सांगितलं तर ऐकू नका. दहा लाख लिटरला 25 पीपीएम म्हटलं तरी 25 लिटर लागतं, आणि पाण्यातला ऑक्सिजन खातं ते वेगळंच. बोटुकली सोडायच्या आधी टाकीतच उरका.

आणि तो गाळ. दुकानदार म्हणे, "हलवा आणि वापरा." हलवून काय होतंय, तो पॅराफॉर्मल्डिहाइड, म्हणजे थंडीनं फॉर्मेलिनमधून घट्ट होऊन खाली बसलेला भाग, माशांना विषच. बदलून देईना, तासभर वाद घातला, वर मलाच म्हणतो थंडीत बाहेर ठेवलाच कशाला. तेही खरंच आहे म्हणा. नवीन कॅन आता मोटरच्या खोलीत गोणपाट गुंडाळून ठेवलाय, घरात आणू दिला नाही, बायको म्हणाली शाळेत बरणीतल्या बेडकाला हाच वास यायचा.

चार स्टार, आणि नव्या कॅनच्या कपाचे आकडे पण पुसले गेलेत.