स्पीड बॅग, २५,०९८ रुपये आणि न विचारलेली उंची

आकडा आधीच सांगून टाकतो, नाहीतर वाचताना सगळं लक्ष तिकडेच राहील. २५,०९८ रुपये. ऑनलाइन बॉक्सिंग शिकण्याच्या नादात फसलो आणि पाच हप्त्यांत गेले: १९९, ४,९९९, ७,४५०, २,५०० आणि ९,९५०. मी ठाण्यात वागळे इस्टेटला एका कंपनीत एकवीस वर्षं अकाउंट्स बघतो. दुसऱ्यांच्या बिलातला सव्वा रुपयाचा फरक मला दिसतो. ऑफिसात अजून कोणाला बोललेलो नाही. हे वाचून कोणी ओळखलंच, तर कृपा करून जेवणाच्या सुट्टीत विषय काढू नका.

हा उद्योग सुचला कशाला, ते सांगायला हवं. दिवाळीनंतर रक्त तपासलं, उपाशीपोटी साखर १३८ आली. डॉक्टर म्हणाले, रोज घाम निघेल असं काहीतरी करा. घोडबंदर रोडला राहणाऱ्या माणसाने सकाळी चालायला कुठे जायचं, तुम्हीच सांगा. धूळ, ट्रक, खणलेले रस्ते. जिमची वर्षाची फी भरून तीन दिवस जाण्याचा प्रयोग दोनदा झालेला आहे. आणि बॉक्सिंगचं म्हणाल तर २००८ साली विजेंदरने बीजिंगहून ब्राँझ आणलं, तेव्हापासून मनात एक खुमखुमी होतीच. अशात रात्री साडेअकराला एक रील समोर आली. काळा टीशर्ट, समोर टांगलेली छोटी चामडी पिशवी, आणि हात दिसू नयेत इतक्या वेगात ठोसे. खाली लिहिलेलं, ‘घरबसल्या स्पीड बॅग. रोज १५ मिनिटं. किटसह ८ आठवड्यांचा कोर्स.’

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: स्पीड बॅग थेंबाच्या आकाराची असते, आत हवेचा ब्लॅडर. वर गोल पाट आणि मधे चहूकडे फिरणारी कडी, तिला स्विव्हल म्हणतात. ठोसा मारला की पिशवी पाटाच्या मागच्या अंगाला आपटते, मग पुढच्या, मग परत मागच्या, आणि ती परतताना दुसरा ठोसा. ठोशामागे तीन टोले. उजव्याचे तीन, डाव्याचे तीन. सहा मात्रा, सरळ दादरा ताल! नौपाड्यात राहत होतो तेव्हा पाडव्याच्या स्वागतयात्रेत मी सात वर्षं ताशा वाजवलाय. तो आवाज ऐकला आणि मनगटं आपोआप हलायला लागली. माझं गिऱ्हाईक तिथेच पक्कं झालं.

व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज टाकला. दोन मिनिटांत फोन. मराठी बोलणारा, आवाजात थोडा कोल्हापुरी हेल, आणि पहिल्या वाक्यापासून ‘दादा’. राष्ट्रीय पातळीवर खेळलोय, खांदा गेला म्हणून शिकवायला लागलो, किट आमच्या भिवंडीच्या वर्कशॉपमधून जातं. आता हिंदीतून कोणी ‘सर जी, सर जी’ केलं असतं तर मी सावध झालो असतो. ‘दादा’ म्हटल्यावर आपण गाफील होतो, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. डेमो क्लासचे १९९ मागितले, तेही ‘फुकट ठेवलं की लोक येत नाहीत दादा’ असं म्हणून. मला ते पटलं. अजूनही पटतं, हीच तर पंचाईत आहे.

आता रविवारचा तो डेमो. हा भाग मी रोज रात्री परत बघतो, मनात.

व्हिडिओ कॉलवर आम्ही आठ-नऊ जण, माझा सोडून सगळ्यांचे कॅमेरे बंद. कोच पाच मिनिटं चेहरा दाखवून बोलला. मग म्हणाला, ‘आता दुसऱ्या कॅमेऱ्यावर जातो.’ चित्र बदललं. तोच काळा टीशर्ट, बॅग, पाठमोरा माणूस. ठोसे सुरू झाले आणि माझ्या कानाला काहीतरी टोचलं. हात जात होता एका जागी, टोला पडत होता दुसऱ्या जागी. पथकात नवीन पोरगा अर्धी मात्रा मागे वाजवायला लागला की जसं दातात खडा आल्यासारखं वाटतं, तसं. आणि मग त्याने बॅग हाताने धरून थांबवली. बॅग थांबली, टोले चालूच. दोन टोले. मी मोजले! तेव्हा त्याचं बोलणं मात्र अगदी स्वच्छ, अखंड ऐकू येत होतं.

म्हणजे चित्र कोणाचं तरी, आवाज कुठून तरी उचललेला, आणि बोलणारा तिसरीकडे बसलेला. सात वर्षं ताशा वाजवलेल्या कानाने मला हे सांगितलं होतं. मी त्या कानाला काय उत्तर दिलं? ‘नेटवर्क असेल.’ आमच्या बेडरूममध्ये रेंज नसते, हे खरं आहे. पण नेटवर्क गेलं असतं तर नुसत्या ठोशांचा मेळ चुकला नसता, बोलणंही तुटलं असतं. बायको दारात उभी होती, तिने विचारलं, ‘कसं वाटतंय?’ मी म्हटलं, ‘एकदम प्रोफेशनल.’

संध्याकाळी ४,९९९ भरले. ‘आज रात्री बारापर्यंत’वाला भाव होता. मंगळवारी किटचे ७,४५०. पैसे भरताना पडद्यावर नाव आलं एका बाईचं. विचारलं तर म्हणाला, ‘अकाउंटच्या मॅडम आहेत दादा, करंट अकाउंटचं लिमिट संपलंय.’ अकाउंटवाल्यानेच अकाउंटवाल्या मॅडमवर विश्वास ठेवला. धंदा कंपनीचा आणि खातं वैयक्तिक नावाचं असेल, तर तिथल्या तिथे फोन बंद करा, समोरचा कितीही गोड बोलो.

गुरुवारी २,५०० ‘बसवणी डिपॉझिट’. माणूस येऊन पाट भिंतीला बसवून जाणार आणि हे पैसे परत मिळणार. त्या दिवशी बिल आलं, त्यावर जीएसटी नंबर. सुरुवात ०९ ने. महाराष्ट्राचा कोड २७, ०९ म्हणजे उत्तर प्रदेश. हे मला झोपेतही सांगता येतं. भिवंडीच्या वर्कशॉपचा नंबर यूपीचा कसा? यावर मी स्वतःच त्याच्या वतीने खुलासा शोधला: खेळाचं सामान मेरठला बनतं, माल तिकडचा असेल. किती हुशार मी! जीएसटी नंबर पंधरा अक्षरांचा असतो. याचा चौदाचा होता. मोजला कधी, तर पैसे गेल्यावर. जीएसटीच्या पोर्टलवर नंबर टाकून बघायला एक पैसा लागत नाही, अर्धं मिनिट लागतं.

नऊ दिवसांनी पार्सल आलं. कुरियरवाल्याने ते दोन बोटांत धरून दिलं तेव्हाच पोटात खड्डा पडला. नुसत्या पाटाचं वजन काही किलो असतं. आतून निघालं ते लाल प्लास्टिकचं, फुग्यासारखं काहीतरी, खाली स्प्रिंग आणि रबरी वाटी. टेबलावर चिकटवून लहान मुलांनी टपल्या मारायचं खेळणं. वाटीला बारीकशी चीर होती, म्हणजे तेही धड नव्हतं. धाकटी मुलगी म्हणाली, ‘बाबा, हे माझ्या वाढदिवसाला आणलंत का?’ पार्सल फोडताना व्हिडिओ काढला नव्हता. काढत जा. घरचे हसले तरी काढा.

मी फोन करून ओरडलो. तो माझ्यापेक्षा जास्त हळहळला. ‘दादा, पॅकिंगवाल्याने घोळ घातला. किट आणि डिपॉझिट, दोन्हीचे ९,९५० अर्ध्या तासात परत.’ मग क्यूआर कोड आला. पुढचं तुम्हाला माहीत आहे. मलाही माहीत होतं. आईला गेल्याच महिन्यात मी दोनदा समजावलं होतं की पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन टाकला की पैसे जातात. पण एका हातात ते लाल खेळणं, डोक्यात राग, आणि कानात ‘दादा, लवकर करा, लिंक दहाच मिनिटं चालते’. माणूस रागात असला की घाईतही असतो, आणि तो मला मुद्दाम रागात ठेवत होता. टाकला पिन. ९,९५० वजा.

आता माझी सगळ्यात मोठी चूक, पैशांपेक्षा मोठी. चार दिवस मी कोणालाही सांगितलं नाही. लाज वाटली. १९३० हा सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनचा नंबर त्याच तासात फिरवायचा असतो, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत बँकेला ते अडवता येतात. मी चार दिवसांनी फिरवला आणि सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर तक्रार नोंदवली. अडवले गेले किती? १,३१२ रुपये. तेही लगेच हातात मिळत नाहीत.

मग बँक. काउंटरवरच्या मॅडम म्हणाल्या, मॅनेजरना भेटा. मॅनेजर म्हणाले, मेल करा. मेलला उत्तर आलं की व्यवहार आपण स्वतः पिन टाकून केलेला आहे, सबब बँक जबाबदार नाही. रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक घेऊन गेलो, तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर भार नाही, वगैरे. ते परिपत्रक आपल्या संमतीशिवाय झालेल्या व्यवहारांचं आहे, हे वाचल्यावर मलाही कळलं. ठीक आहे, माझी चूक. पण ज्या बाईच्या खात्यात दिवसभर १९९ आणि ४,९९९ चे आकडे धडाधड येतायत, ते खातं कोणाच्या डोळ्यांना खुपत नाही? माझ्या आईच्या पेन्शन खात्याची केवायसी एक दिवस उशिरा झाली तर तुम्ही ते गोठवता. तिथे बरे डोळे उघडतात!

आणि पोलीस स्टेशन. पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्तावर. दुसऱ्या दिवशी, ‘चॅटच्या रंगीत प्रिंट आणा.’ ४६ पानं, पानाला दहा रुपये, म्हणजे आणखी ४६०, हे वरच्या आकड्यात धरलेले नाहीत. तिसऱ्या दिवशी, ‘हे सायबरला जाईल.’ सायबरला गेलो, ते म्हणाले रक्कम लहान आहे, हद्दीतल्या स्टेशनलाच द्या. तीन अर्ध्या रजा, रिक्षाचे मिळून ६४० रुपये. परत आल्यावर हवालदारांनी मान वर न करता विचारलं, ‘किती गेले?’ सांगितल्यावर म्हणाले, ‘पंचवीस हजारच ना? काल एक आजोबा बसले होते तुमच्या खुर्चीत, सत्तर लाख.’ मला त्या आजोबांचं वाईट वाटतं. पण म्हणून माझे पंचवीस हजार रद्दी झाले का? तुमच्याकडे फसवणुकीचीही किमान मर्यादा आहे का, विम्यासारखी?

अखेर अर्ज लिहून घेतला. घरी येऊन पोच वाचली. ‘अर्जदाराने ऑनलाइन स्कूल बॅग खरेदी केली असता...’ स्कूल बॅग! मी दोनदा उच्चारून सांगितलं होतं, स्पीड बॅग, बॉक्सिंगची. परत गेलो दुरुस्तीला. ‘काय फरक पडतो साहेब, बॅग ती बॅगच.’ १९१५ या ग्राहक हेल्पलाइनलाही कळवून ठेवलंय, पण विक्रेत्याचा पत्ताच नाही तर नोटीस धाडणार कुठे.

आता जे मला खरं तर सांगायचंय. हे सगळं झाल्यावर शेजारच्यांच्या मुलाच्या बॉक्सिंग कोचना सहज भेटलो. मी अजून ‘स्पीड बॅग’ एवढंच म्हणालो होतो. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि पहिलाच प्रश्न केला, ‘उंची किती तुमची?’ बॅगचा फुगीर भाग साधारण तोंडा-हनुवटीच्या रेषेत यावा लागतो, नाहीतर खांदे कायम उचललेले राहतात आणि आठवड्यात दुखायला लागतात. म्हणून घरात एकापेक्षा जास्त माणसं मारणार असतील तर वरखाली होणारा पाट घ्यावा लागतो. दुसरा प्रश्न, ‘भिंत कसली? सिपोरेक्सच्या हलक्या ब्लॉकची असेल तर नको, बोल्ट हळूहळू सैल होतात, कॉलम किंवा बीम शोधा.’ आणि तिसरा, ‘शेजारी कोण राहतं?’ पाटाचा आवाज भिंतीतून जातो, सोसायटीत भांडणं होतात. शिवाय शिकणाऱ्याने लहान नाही, मोठी बॅग घ्यायची, ती संथ परतते. हाताला पट्टी बांधायची. पहिले काही दिवस एकाच हाताने, मोठ्याने एक-दोन-तीन मोजत. हे सगळं त्यांनी उभ्या उभ्या, चहा येईपर्यंत सांगितलं. फुकट.

माझ्या ‘कोच’ने तीन आठवड्यांत माझ्याशी शंभर गोष्टी बोलल्या. मुलीची परीक्षा विचारली, आईचे गुडघे विचारले. उंची एकदाही विचारली नाही. मी हॉलच्या भिंतीचा फोटो पाठवला तेव्हा अंगठा दाखवला आणि लिहिलं, ‘कुठेही बसेल दादा.’ ऑनलाइन काहीही शिकायला जाल, शिवण, तबला, पोहणं, तर समोरचा आधी तुमच्या अंगाबद्दल, हाताबद्दल, जागेबद्दल काही विचारतो का ते बघा. न विचारता भाव सांगणारा शिकवणारा नाही.

बीमच्या खाली मी हौसेने पेन्सिलीने खूण केली होती, हनुवटीच्या उंचीला. बायकोने पुसलेली नाही. मीही नाही.

परवा त्याच्या नंबरचा फोटो बदललेला दिसला. तक्रारीला दोन महिने होऊन गेले तरी नंबर चालूच आहे. काळा टीशर्ट गेला, झब्बा आलाय, हातात बासरी. ‘घरबसल्या बासरी. किटसह ८ आठवडे. डेमो क्लास फक्त १९९.’