एडब्ल्यूएसचं बिल आवरायला काय घ्यावं: बजेट्स, कस्टोडियन की विकतचा प्लॅटफॉर्म?

खर्च दाखवणं वेगळं आणि थांबवणं वेगळं. एडब्ल्यूएस म्हणजे अ‍ॅमेझॉनची क्लाउड सेवा; तिची स्वतःची साधनं पहिलं काम चांगलं करतात, दुसरं जेमतेम. क्लाउड कस्टोडियन या नियमांवर चालणाऱ्या टूलचं बरोबर उलट आहे.

खर्चाचे तक्ते दाखवणारा कॉस्ट एक्स्प्लोरर कन्सोलवर, म्हणजे एडब्ल्यूएसच्या वेबपानावर, फुकट आहे. एपीआयने, म्हणजे प्रोग्राममधून विचारलं तर दर विनंतीला ०.०१ डॉलर. किरकोळ वाटतं, पण एखादा डॅशबोर्ड दर मिनिटाला विचारत बसला तर महिन्याला ४३,२०० विनंत्या, म्हणजे ४३२ डॉलर. आणि तेही आकडे दिवसातून मोजक्याच वेळा बदलतात तेव्हा!

ठरवलेली खर्चमर्यादा ओलांडली की कळवणाऱ्या बजेट्सचा इशाराही उशिराच येतो. माहिती साधारण ८ ते १२ तासांनी ताजी होते. समजा, कुणी तासाला ३० डॉलरचं जीपीयू मशिन चालू ठेवून घरी गेलं, तर ईमेल येईपर्यंत ३६० डॉलर गेलेले असू शकतात. बजेट अ‍ॅक्शनने ईसीटू (भाड्याचं मशिन) किंवा आरडीएस (भाड्याचा डेटाबेस) थांबवता येतं खरं, पण कोणती मशिन थांबवायची ते आधीच निवडून ठेवावं लागतं. काल उभं केलेलं मशिन त्या यादीत नसतंच.

टॅगचं, म्हणजे प्रत्येक रिसोर्सवर (मशिन, डिस्क वगैरे) तो कुणाचा हे सांगणारी चिठ्ठी लावायचं काम टूलच्या आधी करा. बिलिंगमध्ये कॉस्ट अलोकेशन टॅग सक्रिय केल्याशिवाय तो खर्चाच्या अहवालात येत नाही. मागचे १२ महिने बॅकफिल करता, म्हणजे मागाहून भरता येतात, पण तेव्हा रिसोर्सवर टॅगच नसेल तर भरणार काय?

कस्टोडियन ओपन सोर्स आहे. कॅपिटल वन बँकेत सुरू झालं, आता सीएनसीएफ या ओपन सोर्स प्रकल्प सांभाळणाऱ्या संस्थेकडे आहे. यॅमल नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये नियम, म्हणजे पॉलिसी लिहायची: रिसोर्स, फिल्टर आणि अ‍ॅक्शन लिहायचे. नेहमीचं उदाहरण म्हणजे कशालाच न जोडलेले ईबीएस व्हॉल्यूम, म्हणजे भाड्याच्या डिस्क. एडब्ल्यूएसच्या व्हर्जिनियातल्या केंद्रात ५०० जीबीचा जीपी३ प्रकारचा व्हॉल्यूम नुसता पडून असला तरी महिन्याला ४० डॉलर खातो. एक पॉलिसी त्यावर ‘७ दिवसांनी पुसा’ अशी खूण लावते, दुसरी मुदत संपली की पुसते. बहुतेक जण इथेच थांबतात आणि फसतात. मधल्या काळात कुणी व्हॉल्यूम जोडला आणि दहाव्या दिवशी काढला, तर जुनी खूण तशीच असते; पुढच्याच फेरीत व्हॉल्यूम जातो. म्हणून जोडलेल्या व्हॉल्यूमवरची खूण काढणारी तिसरी पॉलिसी हवीच. पुसण्याआधी स्नॅपशॉट (डिस्कची प्रत) घ्या आणि पहिला आठवडा फक्त ड्रायरन, म्हणजे काहीही न पुसणारी चाचणी चालवा.

रात्री मशिन बंद ठेवण्याचं वेळापत्रकही त्यात आहे. टाइमझोन लिहायला विसरलात तर ते अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याची वेळ धरतं. ऑटो स्केलिंग ग्रुपमधलं (मशिनची संख्या आपोआप राखणारा गट) मशिन सुटं थांबवलं, तर ग्रुप त्याला आजारी समजून नवं उभं करतो. तिथे पॉलिसी ग्रुपवरच लावावी लागते. थांबवलेलं आरडीएस ७ दिवसांनी आपोआप सुरू होतं, आणि थांबलेल्या ईसीटूच्या डिस्कचं भाडं चालूच राहतं.

कस्टोडियन पैशांचा हिशेब मात्र दाखवत नाही. फायनान्सवाल्यांना त्याचं आउटपुट देऊन उपयोग नाही.

एक-दोन अकाउंट असतील तर बजेट्स आणि कॉस्ट अनॉमली डिटेक्शन (अचानक वाढलेला खर्च हेरणारं एडब्ल्यूएसचं साधन) पुरे. अकाउंट दहाच्या वर गेले आणि यॅमल सांभाळणारा माणूस असला, तर कस्टोडियन जोडा. तो माणूस नसेल तर नको. कुणीच सांभाळत नसलेली, पुसणारी पॉलिसी ही बेवारस व्हॉल्यूमपेक्षा वाईट.

विकतचा प्लॅटफॉर्म दोन-तीन क्लाउड असतील आणि प्रत्येक विभागाला त्याचा खर्च लावायचा असेल तेव्हाच. अनेक कंपन्या बिलावर टक्केवारी घेतात. ढोबळ गळती आधी बंद केली नाहीत तर गळतीवरही टक्का भराल. डेमोत तुमच्याच डेटावर दोन गोष्टी करून दाखवायला सांगा: सामायिक नॅट गेटवेचा (आतल्या मशिनना इंटरनेटवर नेणारा दुवा) खर्च विभागांत कसा वाटतात, आणि ‘संभाव्य बचत’ छापील दरावर मोजली आहे की तुमचा सेव्हिंग्ज प्लॅन (ठरावीक वापराची हमी देऊन मिळणारी सवलत) वजा करून.