फॅक्टर : लिनक्समध्ये आयती मिळणारी अवयव पाडण्याची आज्ञा

लिनक्सच्या बहुतेक संगणकांवर ‘फॅक्टर’ ही आज्ञा ग्नू कोअरयुटिल्स या मोफत संचाबरोबर आलेलीच असते, आणि दिलेल्या पूर्ण संख्येचे मूळ (अविभाज्य) अवयव एका ओळीत लिहून देणे एवढेच तिचे काम आहे.

पहिली परीक्षा देवळालीचे गणिती द. रा. कापरेकर यांच्या डेम्लो संख्येवर घेतली. नऊ वेळा १ लिहून होणाऱ्या संख्येचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१ हा आहे, आणि तो दिल्याबरोबर ३ चार वेळा, ३७ दोनदा व ३३३६६७ दोनदा असे उत्तर येते. नव्या आवृत्त्यांत हेच अवयव घातांकांसह मागता येतात. त्यानंतर २चा ६७वा घात वजा १ ही एकवीस अंकी संख्या दिली. फ्रेंच गणिती मेर्सेनने १६४४ साली ती मूळ ठरवली होती, गणिती ल्युकाने १८७६ साली ती मूळ नसल्याचे सिद्ध केले, तरी अवयव जगापुढे आले ते १९०३ साली, अमेरिकन गणिती कोलच्या हातून. ते १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७ हे अवयव येथे डोळ्याचे पाते लवते न लवते तोच मिळतात.

खरी कसोटी फर्माच्या संख्यांवर, म्हणजे २चा घात (ज्याचा घातांकही २चाच घात असतो) अधिक १ अशा संख्यांवर लागते. २चा १२८वा घात अधिक १ ही संख्या ३९ अंकी आहे, तर २चा २५६वा घात अधिक १ ही ७८ अंकी. साहजिकच दुसरी अधिक जड जाईल असे वाटते. प्रत्यक्षात उलट आहे. ही आज्ञा अवयव शोधण्याची पोलार्ड-ब्रेंट पद्धत वापरते, आणि तिच्या फेऱ्या संख्येच्या आकारावर नव्हे तर लहान अवयवाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतात. ७८ अंकी संख्येचा लहान अवयव १२३८९२६३६१५५२८९७ हा सोळा अंकी आहे (ब्रेंट आणि पोलार्ड यांनी १९८० साली याच घराण्यातील पद्धतीने तो शोधला होता), तर ३९ अंकी संख्येचा ५९६४९५८९१२७४९७२१७ हा सतरा अंकी असल्यामुळे तेथे सुमारे सातपट फेऱ्या अपेक्षित असतात. म्हणूनच दोन जवळजवळ सारख्या, मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार हिच्यापुढे ठेवण्यात अर्थ नाही. काम कुठवर आले याचाही काही संकेत ती देत नाही. अशा संख्यांसाठी पारी/जीपी ही तितकीच मोफत प्रणाली कितीतरी सरस आहे, मात्र ती निराळी बसवून घ्यावी लागते आणि तिची भाषाही थोडी शिकावी लागते.

एक व्यावहारिक अडचण सांगणे आवश्यक आहे. ‘फॅक्टर’ला घातांची भाषा कळत नाही, त्यामुळे संख्या आधी ‘बीसी’ या गणकाकडून काढून घ्यावी लागते. परंतु ‘बीसी’ लांब उत्तर सत्तर अक्षरांच्या आसपास तोडून पुढच्या ओळीवर नेतो आणि ते तुकडे ‘फॅक्टर’ स्वीकारत नाही. ओळीची लांबी ठरवणारे ‘बीसी’चे चल (व्हेरिएबल) शून्यावर ठेवले की ७८ अंक सलग मिळतात.