टीडीसीएस आणि मेंदूचा सराव: सात महिन्यांनंतर

एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार) होऊन नऊ वर्षं झाली. पाय अडखळतो ते सगळ्यांना दिसतं. चौघं एकदम बोलायला लागले की माझं डोकं मागे पडतं, ते कुणाला दिसत नाही. एमएसच्या जवळपास निम्म्या रुग्णांना विचारांचा वेग आणि स्मरण यांचा त्रास होतो, हे मला फार उशिरा कळलं. एमआरआय वेळच्या वेळी झाले, पण "डोकं कसं चालतंय?" असं कुणी विचारलं नाही.

त्यासाठीच टीडीसीएस सुरू केलं, म्हणजे डोक्याला बाहेरून अगदी सौम्य वीजप्रवाह देणं. मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज पट्ट्याने कपाळाच्या दोन्ही बाजूंना बसवायचे, २ मिलिअँपिअर प्रवाह, २० मिनिटं. थेरपिस्ट व्हिडिओ कॉलवर स्पंजांची जागा बघते आणि कोड देते. त्याशिवाय यंत्र सुरूच होत नाही. शॉक वगैरे काही नाही. सुरुवातीला मुंग्या, मग थोडी खाज. स्पंज सुका राहिला तर चुरचुरतं, जास्त भिजला तर खारट ओघळ भुवईवरून थेट डोळ्यात! अंदाज यायला दोन आठवडे गेले.

नुसतं लावून पडून राहायचं नाही. एवढ्याशा प्रवाहाने पेशी आपोआप काम करत नाहीत, फक्त कामाला जरा जास्त तयार होतात. म्हणून त्याच वेळी टॅबवर सराव. आठवड्यातून पाच दिवस, सहा आठवडे. अशा दोन फेऱ्या झाल्या.

एसडीएमटीत, म्हणजे ९० सेकंदांत चिन्हांचे आकडे सांगायच्या चाचणीत, माझे ३८ चे ४४ झाले. मी हुरळले, तर थेरपिस्टनेच टोकलं: तीच चाचणी पुन्हा दिली की सवयीनेही गुण वाढतात. प्रवाहाचा वाटा किती, सरावाचा किती, हे मी एकटी कुठून सांगणार? दुपारचा थकवा मात्र नक्की कमी झाला. जेवणानंतर आडवं व्हावंच लागायचं, आता आठवड्यातून एखाद्या वेळी. नावं अजून विसरतेच. उकाड्याच्या दिवशी सगळं मुसळ केरात.

फिट्स येत असतील किंवा डोक्यात धातूचं काही बसवलं असेल तर न्यूरोलॉजिस्टला विचारल्याशिवाय हात लावू नका. आणि बॅटरी-वायर जोडून घरीच यंत्र बनवायचे व्हिडिओ फिरतात, त्यांच्या नादी तर मुळीच लागू नका.

तिसरी फेरी पुढच्या महिन्यात. नवे स्पंज मागवलेत; जुन्यांच्या कडा मिठाने कडक झाल्यात.