दसरा-दिवाळीची खरेदी: ऑनलाइन सेल, बर्डीचे दुकान की थोडे थांबणे?

मारबतीची मिरवणूक आटोपली की नागपूरच्या बाजाराला दसरा-दिवाळीचे वेध लागतात. बर्डीच्या मुख्य रस्त्यावर सवलतींचे फलक चढतात, इतवारी-गांधीबागेत गर्दी वाढू लागते आणि त्याच सुमारास ऑनलाइन कंपन्यांचे मोठे सेलही सुरू होतात. ज्या घरात यंदा फ्रिज, टीव्ही किंवा एसी घ्यायचा आहे, त्या घरापुढे अशा वेळी तीन वाटा असतात: ऑनलाइन मागवणे, शहरातल्या दुकानातून घेणे किंवा हंगाम सरेपर्यंत थांबणे.

तिन्हींची तुलना करण्याआधी सवलतीचे टक्के बाजूला ठेवावेत, असे मी आग्रहाने सांगेन. वेष्टनावर छापलेल्या कमाल किरकोळ किमतीपेक्षा जास्त पैसे घेण्यास कायद्याने मनाई आहे; परंतु घरगुती उपकरणांच्या बाबतीत ती कमाल किंमत किती ठेवायची, हे कंपनीच ठरवते. समजा एका फ्रिजवर 42,000 रुपये छापलेले आहेत, तो एरवी 31,000 ला मिळतो आणि सेलमध्ये 29,990 ला आहे. फलकावर 29 टक्के सूट दिसेल, प्रत्यक्षात आपले 1,010 रुपये वाचतील. ही दुसरी रक्कम कळायची असेल तर मॉडेलचा पूर्ण क्रमांक आणि त्याचा भाव सेलच्या महिनाभर आधी लिहून ठेवण्यास पर्याय नाही. क्रमांक पूर्ण लिहावा, कारण ऑनलाइन विकले जाणारे आणि दुकानात ठेवलेले मॉडेल दिसायला सारखे असूनही शेवटच्या एखाद्या अक्षराने वेगळे निघते आणि त्यासोबत कप्पे, काच किंवा कॉम्प्रेसरही बदललेला असू शकतो.

कराचा परिणामही वेगळा काढावा लागतो. 22 सप्टेंबर 2025 पासून एसी आणि 32 इंचांहून मोठ्या टीव्हीवरील जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, म्हणजे करासह 64,000 ला मिळणारा टीव्ही कोणत्याही सवलतीविना 59,000 ला यायला हवा. फ्रिज आणि वॉशिंग मशीनवर आधीपासूनच 18 टक्के कर होता. त्यांच्यावर कोणी करकपातीच्या नावाने सूट सांगत असेल, तर ती कुठून आली हे विचारावे.

आता प्रत्यक्ष तुलना. निव्वळ भावात ऑनलाइन सेल बहुधा पुढे असतो, विशेषतः ठरावीक बँकेचे कार्ड हाताशी असेल तेव्हा. एसीच्या बाबतीत मात्र तो भाव अर्धवट असतो. बाहेरच्या युनिटचा स्टँड, सोबत आलेल्या लांबीपेक्षा जास्त लागणारा तांब्याचा पाइप, भिंतीला पाडायचे भोक, स्टॅबिलायझर आणि बसवण्याची मजुरी हे सारे नंतर जोडले जाते. बर्डी किंवा सदरमधल्या दुकानदाराला "भाऊ, बसवून, पक्क्या बिलासकट शेवटचा भाव सांगा" असे एका वाक्यात विचारता येते आणि तोच आकडा ऑनलाइनच्या एकूण खर्चासमोर ठेवता येतो. जुनी वस्तू बदल्यात देणार असाल, तर आधी ती न देता भाव विचारावा आणि मग देऊन विचारावा. दोन्ही उत्तरांतला फरक हीच जुन्या वस्तूची खरी किंमत असते.

बिनव्याजी हप्त्यांबाबत दोन्हीकडे सारखीच सावधगिरी हवी. शून्य टक्के व्याज अशी गोष्ट प्रत्यक्षात नसते, असे रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच बँकांना बजावले होते. क्रेडिट कार्डावरच्या अशा योजनेत व्याजाइतकी रक्कम किमतीतून वजा केलेली दाखवतात, पण त्या व्याजावरचा 18 टक्के जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क ग्राहकच भरतो. शिवाय एकरकमी पैसे देणाऱ्याला मिळणारी सूट हप्त्यांवर मिळते का, हे पाहिल्याशिवाय सही करू नये.

फ्रिज आणि एसीवरचे ताऱ्यांचे लेबल जवळून वाचावे. त्यावर वर्षाला किती युनिट वीज लागेल तो आकडा आणि ते लेबल कोणत्या कालावधीसाठी आहे, हे दोन्ही छापलेले असते. ताऱ्यांचे निकष काही वर्षांनी कडक होतात, त्यामुळे सेलमध्ये काढलेल्या जुन्या मालाचे पाच तारे आजच्या पाच ताऱ्यांच्या तोडीचे असतीलच असे नाही. एप्रिल-मे महिन्यांत पारा 45 अंशांच्या आसपास जाणाऱ्या शहरात दोन हजार रुपयांच्या सवलतीपेक्षा हा युनिटचा आकडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

मोबाइलसाठी ऑनलाइन सेल सरस आहे, कारण वस्तू सर्वत्र एकच असते आणि बसवण्याचा प्रश्न नसतो. डबा उघडताना चित्रीकरण करावे, एवढेच. "फक्त 2 शिल्लक" किंवा उलटे चालणारे घड्याळ पाहून घाई करू नये. अशी खोटी निकड निर्माण करणे आणि न विचारता टोपलीत विमा किंवा देणगी घालणे हे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2023 मध्ये मनाई केलेल्या 13 प्रकारांत मोडते. कपड्यांसाठी, विशेषतः घरातल्या पाच-सहा जणांचे एकदम घ्यायचे असतील तर, गांधीबाग आणि इतवारी. कापड हाताला लागल्याशिवाय कळत नाही.

बिघाड निघाल्यास दुकानदार समोर असतो, हा बर्डीच्या बाजूने मोठा मुद्दा आहे, पण तो पक्के बिल घेतले असेल तरच. ऑनलाइन खरेदीत परतीची मुदत मागणी नोंदवण्याआधी वाचावी. तक्रार 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर करता येते आणि विक्रेता कुठल्याही शहरातला असला तरी 2019 च्या कायद्यानुसार नागपूरकर ग्राहक नागपूरच्याच जिल्हा आयोगात दाद मागू शकतो.

राहिली तिसरी वाट. बिघडलेल्या फ्रिजसाठी थांबण्यात अर्थ नाही. कुलरची गोष्ट वेगळी आहे. मार्चमध्ये अख्खे शहर एकदम कुलर घ्यायला निघते तेव्हा घासाघीस करायला जागा उरत नाही. त्यामुळे तो दिवाळीनंतरच्या थंडीत, शहरात बनणाऱ्या पत्र्याच्या कुलरवाल्याकडून घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या दिवसांत पत्र्याची जाडी हाताने पाहायला, मोटारीची वायंडिंग तांब्याची आहे की अॅल्युमिनियमची हे बिलावर लिहून घ्यायला आणि टाकीत पाणी भरून पंप चालवून तिन्ही बाजूंची गवताची पॅड सारखी भिजतात का हे बघायला दुकानदाराकडेही वेळ असतो.