नौपाड्यातलं काउन्सेलिंग सेंटर, आईला खूप फरक पडला
ठाणे स्टेशनच्या पुलावर गर्दीत गुदमरल्यापासून आईला कुठलाही जिना दिसला की धडधड व्हायची म्हणून इथे आणलं. मॅडमनी मेंदूचं प्लास्टिकचं मॉडेल उघडून आत खोलवर असलेला हिप्पोकॅम्पस बोटाने दाखवला, म्हणाल्या काकू, हा नुसत्या आठवणी नाही ठेवत, कुठली जागा धोक्याची कुठली सुरक्षित हे ओळखायलापण मदत करतो, आणि सततच्या टेन्शनमध्ये त्याला तो फरक करणं जड जातं मग साधा जिनाही भीतीदायक वाटतो. इतकं नीट कोणी सांगितलंच नव्हतं! रोज चालायला सांगितलंय, २०११ च्या एका अभ्यासात वर्षभर चालणाऱ्या वयस्कर लोकांचा हिप्पोकॅम्पस साधारण २ टक्के वाढला होता. आई आता रोज तलावपाळीला जाते. वेटिंगला जागा कमी आहे, शनिवार टाळा.