सार्वजनिक वाहनतळाचा मासिक पास: दहा महिने, दुसरं तळघर आणि एक थेंब

पासाचे दर, वेळा सगळ्यांना माहीत आहेत, ते उगाळत नाही. माझ्या गाडीच्या बॉनेटवर तळहाताएवढा पांढरा डाग पडलाय आणि तो निघत नाही, त्याबद्दल लिहितोय.

मी गिरगावात चाळीत राहतो. गाडी जुनी, रस्त्याच्या कडेलाच वाढलेली. पास काढायची हौस मला नव्हती. पण जुलै २०१९ मध्ये वाहनतळापासून ५०० मीटरच्या आत रस्त्यावर चारचाकी लावली तर १० हजारांपासून दंड सुरू झाला, तो आकडा घरात कायमचा बसला. पुढे दंड उतरला, बायकोची भीती उतरली नाही. शेवटी एप्रिलमध्ये पास काढला, जागा दुसऱ्या तळघरात. पैसे भरताना हात जड झाला होता.

तळघर म्हटल्यावर २६ जुलै २००५ आठवतोच. त्यामुळे पहिल्या जोरदार पावसात छत्री घेऊन मी गाडी बघायला गेलो. रस्त्यावर घोट्याच्या वर पाणी आणि खाली दुसऱ्या तळघरात लादी कोरडी! रॅम्पच्या तोंडाशी आडवी जाळी, खाली टाकी आणि दोन पंप. एक बिघडला तर दुसरा आपोआप चालू होतो. रात्रपाळीचे मामा दर तासाला टाकीत बॅटरी मारून बघतात. त्या रात्री मी घरी येऊन पासाची खूप स्तुती केली, हे मान्य करतो.

आठवड्याभराने डाग दिसला.

छताच्या सांध्यातून थेंब पडतो. साधं पाणी असतं तर पुसलं असतं. पण काँक्रीटमधून झिरपताना ते चुना घेऊन येतं आणि वाळलं की रंगावर खडूसारखा थर धरतं. पुन्हा पुन्हा पडत राहिलं तर वरचा चकचकीत लेपच खातं. व्हिनेगर पातळ करून लावलं, थर गेला, खालची खूण राहिली. पॉलिशवाल्याने २,५०० सांगितले. मी ताडपत्रीचा तुकडा कापून बॉनेटवर टाकायला लागलो. पासाचे पैसे भरून गाडीवर ताडपत्री! गळतीखाली ताडपत्री तर चाळीच्या गॅलरीतही फुकट होती.

सुपरवायझर म्हणाला, "साहेब, पावसाळा संपला की थांबेल." मी गप्प बसलो. पण डिसेंबरातही थेंब चालूच. तोही सकाळी आठनंतरच जास्त. मग एके दिवशी रॅम्पवरून वर आलो, तर वर पोडियमवर, म्हणजे वाहनतळाच्या छतावर, टॉवरची बाग आणि माळी आरामात पाइपने पाणी घालतोय. मला इतका आनंद कोणताही गुन्हा उकलल्यावर झाला नसता.

आनंद तिथेच संपला, कारण गळती दुरुस्त कोण करणार हा प्रश्न उरला. विकास नियंत्रण नियमावलीतल्या एका तरतुदीप्रमाणे बिल्डरने सार्वजनिक वाहनतळ बांधून पालिकेला फुकट द्यायचं, बदल्यात त्याला जादा चटईक्षेत्र, म्हणजे जास्त बांधायची मुभा. म्हणजे बांधकामाचा खर्च वरच्या फ्लॅटमधून वसूल झाला, आपल्या खिशातून रोख गेली नाही. सौदा मला आवडतो, खरंच. पण तो बांधण्यापुरता. पुढचे पंप, पंखे, दिवे, लिफ्ट, गळती हे दरवर्षीचं. चालवणारा ठेकेदार मुदतीचा, मुदत संपली की तो गेला. पुढच्या पंधरा वर्षांसाठी ब्रिकबॅट कोबा, म्हणजे गळती अडवणारा विटांच्या तुकड्यांचा थर, तो कशाला करील? शिवाय करायचा तो वरून, बाग उकरून, आणि बाग सोसायटीची. जागा एकाची, पावतीपुस्तक दुसऱ्याचं, डोक्यावरची माती तिसऱ्याची. सुपरवायझर मला दर वेळी यातल्या तिसऱ्याकडे पाठवतो. तिसरा म्हणतो, पाणी खाली कुठे जातं ते खालच्यांनी बघावं.

तक्रारीचं टोक हे की ओल लोखंडापर्यंत गेली की सळई गंजते, फुगते आणि प्लास्टरचा पापुद्रा सुटतो. मुंबईच्या खाऱ्या हवेत याला वेळ लागत नाही. मी खांबाशी दोन ठिकाणी बोटाने ठोकून पाहिलं, पोकळ आवाज आला.

यंत्रावर चालणाऱ्या वाहनतळांपेक्षा हे बरं, असंही वाटतं. भुलाभाई देसाई मार्गावर २०२१ मध्ये सुरू झालेल्या मनोऱ्यात २४० गाड्यांची सोय आहे, जागा वाचते. पण तिथे मोटर, सेन्सर, वीज सगळं हवं. माझ्याकडे निदान रॅम्प आहे. रॅम्प बंद पडत नाही.

जानेवारीत एकदाची दोन माणसं आली, सांध्यात ग्राउटिंग केलं, म्हणजे फटी भरून बुजवल्या. माझ्या जागेवर थेंब थांबला. मी मामांना पेढे दिले.

पुढच्या आठवड्यात पाहिलं तर पाणी हातभर पुढे सरकलं होतं. तिथे शोरूममधून नुकतीच आलेली काळी गाडी लागते. काळ्यावर चुना फारच उठून दिसतो. पास मी परत काढलाय. ताडपत्री धुऊन मामांकडे दिलीय, मालक आला की द्या म्हणून सांगितलंय.